पाण्याचे पापपुण्य

भागवताच्या नवव्या स्कंधात भगीरथाच्या तपश्चर्येची जी कथा आली आहे, तीत पृथ्वीवर उतरण्यापूर्वी गंगेने दोन अडचणी पुढे केल्या असे वर्णन आहे. त्यांपैकी पहिली आपले कीर्तनकार मोठ्या रसाळपणे खुलवून सांगतात आणि दुसरी मात्र घाईघाईने उरकून टाकतात. आकाशातून कोसळणारा माझा वेग कोण धारण करील, ही पहिली अडचण; तिचे निवारण शंकराच्या जटांत झाले. दुसरी अडचण अशी की, माणसे आपली पापे माझ्यात धुतील, पण त्यांची ती पापे मी कोठे जाऊन धुवावी? यावर भगीरथाने दिलेले उत्तर असे, की ज्यांनी सर्वसंगाचा त्याग केला आहे आणि ज्यांच्या हृदयात हरीचा निवास आहे असे साधुपुरुष तुझ्यात स्नान करतील आणि त्यांच्या अंगस्पर्शाने तुझा मळ हरण होईल. ही कबुलायत पदरात घेतल्यानंतरच गंगा खाली उतरली. नदीचे पावित्र्य हा तिच्या पाण्याचा उपजत आणि अक्षय गुण नसून, तिच्या काठावर राहणाऱ्यांच्या आचरणावर अवलंबून असलेला एक करार आहे, असाच या कथेचा सरळ अर्थ होतो. आणि आपण नेमका तोच अर्थ सोयिस्करपणे विसरलो आहोत.

पुणे शहराचा इतिहास सांगावयाचा म्हटला की आपल्या हाताशी वाडे असतात, तह असतात, लढाया असतात आणि पेशवे दफ्तरातले रुमालच्या रुमाल असतात. परंतु मुळा आणि मुठा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेल्या या नगराचा इतिहास त्याच्या पाण्याच्या अंगाने लिहावयाचे कोणी मनावर घेतले, तर गंगेच्या त्या दुसऱ्या प्रश्नाला या शहराने वेळोवेळी कोणते उत्तर दिले, याचाच तो इतिहास होईल, असे मला वाटते.

त्याचा आरंभ निदान अभिमानास्पद आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या डोंगरपायथ्याशी ओढ्याला बांध घालून तलाव केला गेला आणि तेथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीच्या पोटातून, माणसाला चालत जाता येईल एवढ्या उंचीचा पक्का नळ बांधण्यात आला. ना पंप, ना यंत्र. केवळ उताराच्या बळावर ते पाणी पेठापेठांतल्या हौदांत येऊन पडत असे, आणि मार्गात ठिकठिकाणी नळाला हवा मिळावी व आत उतरून गाळ काढता यावा म्हणून उच्छ्वास ठेवलेले होते. ज्यांनी हे काम केले त्यांची नावे दफ्तरांत फारशी सापडत नाहीत, पण त्यांना पाण्याची जात नीट कळत होती. आपल्या धर्मशास्त्रांत अशा कामाला पूर्तधर्म म्हटले आहे. यज्ञयाग हे इष्ट, आणि विहीर, तलाव, धर्मशाळा हे पूर्त. त्यातही तलाव बांधून झाला म्हणजे पुण्य पदरी पडले असे होत नसे, तर यजमानाने उत्सर्गाचा विधी करून त्या पाण्यावरील आपल्या स्वामित्वावर उदक सोडावे लागे आणि ते पाणी यापुढे सर्व भूतमात्रांचे आहे असे म्हणावे लागे. मालकी सोडल्यावाचून पाण्याचे पुण्य मिळत नाही, हा विचार मला आपल्या परंपरेतील अत्यंत उदात्त विचारांपैकी एक वाटतो.

त्या भूतमात्रांत गाय येत होती, घोडा येत होता, कावळाही येत होता. गावाबाहेर राहावयास लावलेली माणसे मात्र येत नव्हती. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुला केला, तेव्हा त्यांनी परंपरा मोडली असे त्यांचे विरोधक म्हणाले असतील. माझ्या मते त्या दिवशी पुण्यात उत्सर्गाचा विधी पहिल्यांदा यथासांग पार पडला. त्यासाठी ना होम झाला, ना मंत्र म्हटले गेले. पुढे 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर आंबेडकरांनी हाच प्रश्न अवघ्या देशापुढे उभा केला आणि तेथील सनातन्यांनी गोमूत्र व पंचगव्य ओतून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. जनावरे ज्या तळ्यात डुंबत त्याला विटाळ होत नव्हता, तो माणसाच्या ओंजळीने झाला. पावित्र्य आणि स्वच्छता यांची आपल्याकडे किती पूर्वीपासून फारकत झाली आहे, याचा याहून ढळढळीत पुरावा शोधावा लागू नये.

1879 साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि हळूहळू शहरात नळ आले. या सुधारणेविरुद्ध बोलावे असे मला बिलकूल वाटत नाही. पटकीने माणसे मरत त्या काळी नळाचे पाणी हे वरदानच होते. पण त्यामुळे एक गोष्ट घडली खरी. आडावर पाणी शेंदणाऱ्या बाईला पाणी किती खाली गेले हे दोराच्या लांबीवरून रोज समजत असे. तोटी फिरविणाऱ्याला ते समजण्याचे कारण उरले नाही. पाणी कोठून येते हे माणूस विसरला, आणि जो ते विसरतो तो पाणी कोठे जाते याची चौकशी तरी कशाला करील? पुढे चारेक दशकांनी डोंगरापलीकडे आणखी एक प्रकार घडत होता. मुळशी पेट्यात टाटांच्या धरणासाठी मावळ्यांची गावे पाण्याखाली जात होती, पूर्वेला वाहणारे मुळेचे पाणी पश्चिमेला वळवून कोकणात उतरविले जात होते आणि त्याची वीज मुंबईला जात होती. सेनापती बापटांनी 1921 साली त्याविरुद्ध सत्याग्रह मांडला व तो अखेर हरला. शहरांना उजेड मिळाला. ज्यांच्या शेतांवर तळे पसरले त्यांना मिळालेल्या मोबदल्याचा हिशेब आजही समाधानकारक म्हणता येत नाही.

आता आजच्या मुठेकडे यावे. लकडी पुलाच्या कठड्यांवर महापालिकेने उंच जाळ्या बसविल्या आहेत. का, तर पुलावरून जाताना लोक निर्माल्य नदीत टाकतात म्हणून. जाळी बसल्यापासून काय होते, हे एखाद्या संध्याकाळी तेथे क्षणभर उभे राहिल्यास दिसेल. एक सभ्य गृहस्थ दुचाकी बाजूला घेतो, डिकीतून प्लॅस्टिकची पिशवी काढतो. तीत सुकलेला झेंडू, दूर्वा, कापराची डबी, उदबत्तीच्या काड्या आणि फुटलेल्या काचेची एखादी देवाची तसबीर असते. तो डोळे मिटून पिशवी कपाळाला लावतो आणि मग पिशवीच्या गाठीसकट ती जाळीवरून पलीकडे भिरकावतो. दहा पावलांवर महापालिकेचा निर्माल्यकलश उभा असतो. त्याला तो दिसत नाही असे नाही. पण देवाची वस्तू कलशात टाकणे त्याला कचऱ्यात टाकल्यासारखे वाटते आणि नदीत टाकणे म्हणजे विसर्जन केल्यासारखे वाटते. या माणसाला अधार्मिक म्हणता येणार नाही. दुर्दैव हेच की तो श्रद्धेनेच हे करतो. नदी पवित्र आहे, म्हणून तिला काही होत नाही. तिला काही होत नाही, म्हणून तिच्यात काहीही टाकावे. असा हा तर्क आहे, आणि त्याच तर्काने शहराचे पुष्कळसे सांडपाणीही ओढ्यानाल्यांतून मुठेत सोडले जाते, इतकेच की तेथे कोणी पिशवी कपाळाला लावीत नाही.

शास्त्राचा आधार घ्यावा, तर तोही या गृहस्थाच्या विरुद्धच जातो. पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त, विष किंवा अमेध्याने माखलेली कोणतीही वस्तू टाकू नये, असा स्पष्ट निर्बंध मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. तीर्थाचे फळ ज्याचे हात, पाय आणि मन संयमात आहेत त्यालाच मिळते, असे महाभारतातील वनपर्व सांगते. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थांचा जो विस्तार केला आहे, तो वाचताना हीच गोष्ट मनात भरते, की एकेका तीर्थाची अचाट फळे सांगणाऱ्या पुराणकारांनाही यात्रेकरूच्या चित्तशुद्धीची अट काढून टाकण्याचा धीर झाला नाही. तो आपल्याला झाला. गणेशविसर्जनाच्या बाबतीत, सुदैवाने, थोडा फरक पडला आहे. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लॅस्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरच्या बादलीत विरघळविण्याची रीत काढली, महापालिकेने ती पावडर वाटली, आणि अनेक कुटुंबांनी ती रीत बिनतक्रार पत्करली. आरती तीच, अक्षता त्याच आणि शेवटी झाडांना घालावयास खतही. शास्त्रार्थाचे एकही व्याख्यान न देता एक आचार बदलला.

मात्र निर्माल्य आणि मूर्ती हा या प्रश्नाचा दर्शनी भाग झाला. खरा प्रश्न कर्मसिद्धांताचा आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो.

आपल्या दर्शनकारांनी दोन दोष फार गंभीर मानले आहेत. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता नष्ट होणे हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ एखाद्याच्या माथी येणे हा अकृताभ्यागम. ज्या मतातून हे दोष उद्भवतात ते मत त्याज्य, असा जणू दंडकच होता. संसार अनादी आहे हे सिद्ध करताना शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात याच दोषांचे भय दाखविले. जैन आचार्य हेमचंद्रांनी बौद्धांच्या क्षणिकवादाविरुद्ध हेच शस्त्र उपसले, कारण करणारा क्षण निराळा आणि भोगणारा क्षण निराळा असेल तर एकाचे कर्म दुसऱ्याच्या गळ्यात पडेल. एवढ्या परस्परविरोधी पक्षांना हे दोन दोष समान असह्य वाटावेत, याचा अर्थ विश्वात इतका मोठा अन्याय असूच शकत नाही, अशी भारतीय बुद्धीची मूलभूत खात्री होती.

पण नदी या खात्रीला दाद देत नाही. संगमावर एक झालेली मुळा-मुठा पूर्वेला जाते, हवेली आणि दौंडच्या शिवारांतून वाहत रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते आणि भीमा ते सारे उजनीच्या जलाशयात आणून ठेवते. पुणेकर तोटी फिरवतो, पाणी वापरतो, मळवतो आणि विसरतो. त्याचे फळ खालच्या अंगाला राहणाऱ्या, ज्याने पुणे कधी पाहिलेही नसेल अशा शेतकऱ्याच्या विहिरीत उतरते. करणाऱ्याच्या दृष्टीने तो कृतनाश आणि भोगणाऱ्याच्या दृष्टीने अकृताभ्यागम. दर्शनकारांनी जे अशक्य ठरविले ते एका मध्यम आकाराच्या नदीने बारमाही शक्य करून दाखविले आहे.

यावर एक जुने उत्तर तयार असते: त्या शेतकऱ्याचे पूर्वजन्मीचे काही असेल. हे उत्तर मला केवळ चुकीचे नव्हे तर असभ्य वाटते. अन्यायाची चीड यावी म्हणून जो सिद्धांत जन्माला आला, त्याचाच उपयोग चीड शमविण्यासाठी करणे ही त्या सिद्धांताची विटंबना आहे. त्यापेक्षा लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात दाखविलेली दिशा अधिक प्रामाणिक आहे. कर्मविपाकाच्या प्रकरणात त्यांनी म्हटले आहे, की व्यक्तीप्रमाणेच कुटुंब, समाज, राष्ट्र यांचीही कर्मे असतात, आणि माणूस ज्या समाजात जन्मला त्याच्या कर्मांचा भोग त्याला काही अंशी चुकत नाही. मुठेपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या या पुरुषाने मंडालेच्या तुरुंगात बसून लिहिलेला हा विचार पुढे न्यावयास हवा होता. शहर हा एक कर्ता आहे, त्याच्या नावावर कर्मे जमा होतात, आणि ती कोणा एका नागरिकाच्या खात्यावर टाकता येत नाहीत म्हणून माफ होत नाहीत. राजाने प्रजेचे रक्षण केले तर प्रजेच्या पुण्याचा सहावा हिस्सा त्याला आणि न केले तर पापाचा सहावा हिस्साही त्यालाच, असे स्मृतिकार म्हणतात. राजे गेले, त्यांच्या जागी महापालिका आल्या. मिळकतकराची वसुली त्यांनी चोख चालविली आहे, पण हा षष्ठांश कोणत्याही अंदाजपत्रकात जमेस धरलेला आढळत नाही.

इतकेच नव्हे, तर आता या व्यवहाराचा रीतसर करारनामाही झाला आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे पाणी मुळात शेती आणि शहर या दोघांचे. शहर वाढत गेले तसा शेतीचा वाटा आटत गेला, आणि त्याच्या बदल्यात महापालिकेने आपले सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडावे आणि खालच्या शेतकऱ्यांनी ते वापरावे, असे पाटबंधारे खात्याशी ठरले. कागदावर ही तजवीज वाजवी आहे. वापरलेले पाणी पुन्हा वापरावे यात वावगे काय? पण शुद्धीकरणाची यंत्रणा शहराच्या वाढीमागे सतत धापा टाकीत धावत आहे, जपानी कर्जातून नवी केंद्रे उभी राहण्यास वर्षांमागून वर्षे लागत आहेत, आणि तोवर डोंगरातले निर्मळ पाणी वरच्याने प्यावे व त्याचे उष्टे खालच्याने शेताला घ्यावे, असाच त्या कराराचा प्रत्यक्ष अर्थ राहतो. उष्ट्याखरकट्याच्या विटाळाचे एवढे बारीक शास्त्र रचणाऱ्या समाजाला हे सहज पचावे, हे विशेष.

दरवर्षी ज्येष्ठाच्या उत्तरार्धात पुण्यात पालख्या येतात. ज्ञानोबारायांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरात आणि तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात उतरते; सारे शहर वारकऱ्यांचे पाय चेपते, पिठलेभाकरी वाढते, आणि ती सेवा खरोखर मनापासून केलेली असते. मग एक पालखी दिवेघाट चढून सासवडला जाते. दुसरी लोणी काळभोर, यवत अशी, जवळजवळ मुळा-मुठेच्या सोबतीने चालू लागते. वारीच्या काळात चंद्रभागेला पाणी असावे म्हणून उजनीतून भीमेत पाणी सोडले जाते. म्हणजे पुणे शहर पंढरीला दोन गोष्टी धाडते: एक आपल्या खांद्यावरून आणि दुसरी आपल्या गटारांतून, आणि या दोन्ही एकादशीच्या पहाटे चंद्रभागेच्या वाळवंटात एकत्र येतात. ज्या वारकऱ्याच्या पायांवर आपण पुण्यात डोके ठेवले, तो तेथे आपल्याच पाण्यात बुडी मारतो. भगीरथाने गंगेला ज्या साधूंचा हवाला दिला होता ते हेच. त्यांच्या अंगस्पर्शाने नदी शुद्ध व्हावयाची होती. आज नदीच्या स्पर्शाने त्यांच्या अंगाला खाज सुटते.

एवढे दिवस हा अन्याय खालच्या दिशेनेच वाहत होता, म्हणून शहराला झोप लागत होती. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, त्यापाठोपाठ खडकवासला फुटले आणि लकडी पूल पाण्याखाली गेला, तेव्हा नदी एकदाच दारात आली. तो पूर मात्र धरणाच्या बांधकामाचा दोष म्हणून, रीतसर चौकशी होऊन, इतिहासजमा झाला. गोखलेनगर, सहकारनगर या वस्त्या त्यातून उभ्या राहिल्या, आणि पुण्यात अजूनही म्हातारी माणसे पानशेतच्या आधी आणि नंतर अशी कालगणना करतात. परंतु 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला जो लोंढा आला त्यात कोणतेही धरण फुटले नव्हते. काही तासांत इतका पाऊस पडला की, पात्रात भराव, भिंती आणि इमारती घुसवून गटाराएवढा केलेला तो ओढा घराघरांत शिरला आणि शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. भिडे पूल पाण्याखाली गेला की वर उभे राहून ते पाहण्याचा पुणेकरांचा पावसाळी छंद आता पूर्वीइतका निरुपद्रवी राहिलेला नाही.

योगायोग असा की, देशाच्या पावसाचा हिशेब 1928 पासून याच शहरात ठेवला जातो. त्या साली हवामान खात्याचे कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. आणि पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनीच 2017 साली दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत, एकूण मोसमी पाऊस घटत असतानाही. अरबी समुद्र तापतो, त्यावरून येणारे बाष्प कमीजास्त आणि लहरी होते, आणि मग ते अंगावर धबाबा कोसळते. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर पहिलीपर्यंत आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा दुसरीपर्यंत. पण ही गणिते गेलेल्या पावसावरून मांडलेली असतात. आकाशाने आपली वहिवाट बदलली, तर शंभर वर्षांचा पूर दहा वर्षांनीही येईल, आणि नकाशावरची रेषा खाजगी बिल्डरांना जेवढी अडचणीची वाटते तेवढीसुद्धा पाण्याला वाटणार नाही. काठ बांधून नदी सुशोभित करण्याची जी योजना सध्या चालू आहे, तिच्याकडे मी याच शंकेने पाहतो. पात्र अरुंद करून त्यावर फिरावयास रस्ते काढण्याचा हा काळ नव्हे.

हवा तापली ती कोणाच्या कर्माने? दीडशे-दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळणाऱ्या देशांच्या, आणि आता आपल्याही. आंबील ओढ्याच्या काठी त्या रात्री ज्यांचे संसार वाहून गेले त्यांतल्या कित्येकांनी कधी मोटार विकत घेतली नव्हती. पुणे जे दौंडशी आणि पंढरपूरशी करीत आले तेच आता जग पुण्याशी करीत आहे. वरचे करतात आणि खालचे भोगतात. हा न्याय आहे असे मी म्हणत नाही, कारण भोगणारे पुणेकर आणि करणारे पुणेकर पुष्कळदा निरनिराळे असतात, आणि पुण्यातही जे नदीच्या जितके जवळ आणि जितके खाली राहतात तितके ते गरीब असतात. पण ज्या शहराला आपल्यावर झालेला अकृताभ्यागम कळतो, त्याने आपण केलेल्या अकृताभ्यागमाची जबाबदारी टाळणे यापुढे त्याला शोभणार नाही.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. नदीसुधाराचा अहवाल महापालिकेच्या सभागृहात मंजुरीस येतो तेव्हा अभियंते असतात, ठेकेदार असतात, अधूनमधून पर्यावरणवादीही गॅलरीत बसलेले असतात. त्या सभेला लोणी काळभोर, यवत, रांजणगाव सांडस आणि पंढरपूर येथील प्रत्येकी एक प्रतिनिधी बोलवावा, त्याला मतदानाचा हक्क द्यावा, आणि शहर आपली नदी कशी राखते याचे पाण्याचे नमुने संगमावर न घेता भीमेच्या काठी, त्याच्यासमक्ष घ्यावेत. यासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागेल, ती करावी.